तांबडा धागा

आम्रपाली : ‘धाग्याकडं नको बघू, ओवीकडं कान दे. ओवी सरली, की एक तांबडा धागा टाक.’ लगीन होऊन निघोजेत आले, त्या सालात सासूबाई मला असं शिकवायच्या. आत्या म्हणायची मी त्यांना. अजून कानात हाय बघा.

नेहा : आणि त्या वारल्या, हे तुम्ही आमच्या संस्थेला कळवलंच नाही. कोपऱ्यावर इंद्रायणीताई भेटल्या, त्यांच्याकडून मला कळलं. आठ महिने झाले म्हणे.

आम्रपाली : इंद्रायणीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. रावेतहून एवढ्या उन्हात आलात, आधी चहा घ्या.

नेहा : आठ महिन्यांत तुमच्याकडून अकरा स्टोल आले, वहिनी. प्रत्येकाच्या टॅगवर तुमच्या सासूबाईंचंच नाव, ‘विणकर : कस्तुराबाई’. फेअर ट्रेडचं सगळं त्या टॅगवरच उभं आहे. ज्या हातानं विणलं, त्याचंच नाव. खोटं निघालं तर माल घेणारं परदेशातलं दुकान तुमच्या अख्ख्या गटाचं काम थांबवेल. सहा बायका आहेत.

आम्रपाली : खोटं कुठंय? तांबडा धागा बघा की. दुसरं कोण टाकतंय तसा?

नेहा : तोच बघून आलेय. हा मागच्या वर्षीचा, त्यांच्या हातचा. एका तांबड्या धाग्यापासून दुसऱ्यापर्यंत चार बोटं.

आम्रपाली : दमा व्हता. ओवी अर्ध्यातच तुटायची.

नेहा : हा नवा. वीतभर. आणि हा बारा वर्षांपूर्वीचा, आमच्या कपाटातला. तोही वीतभर. मधले धागे मोजले मी, दोन्हींत सारखेच.

आम्रपाली : मग बरं झालं की. दम लागत न्हाई आता.

नेहा : कुणाला?

आम्रपाली : चहा गार होतोय, ताई.

नेहा : मागावर तुम्हीच बसता ना?

आम्रपाली : मीच. हे शिफ्टला जातात, घरात दुसरं हाय कोण?

नेहा : मग टॅगवर तुमचं नाव का नाही?

आम्रपाली : हात माझंच हायेत. नाव लावायला जीव धजत न्हाई.

नेहा : इंद्रायणीताई सांगत होत्या, शेजारच्या कंपनीची पत्रा ठोकायची प्रेस दिवसरात्र दणदणते, आणि जेवणाच्या सुट्टीत ती बंद झाली, की तेवढ्यातच तुमचा माग वाजतो. अर्ध्या तासात कितीसं होतं? एरवी का नाही बसत?

आम्रपाली : प्रेसच्या दणक्यानं फळीवरची भांडी हलतात इथं. मन लागत न्हाई.

नेहा : ओवी म्हणता विणताना?

आम्रपाली : लागतेच ना ओवी.

नेहा : ऐकवा की मला.

आम्रपाली : ‘उभा ताणा गं बाई, आडवं माझं जिणं...’

नेहा : पुढे?

आम्रपाली : घसा बसलाय.

नेहा : राहू दे. मी तुमचं नाव लिहिते. दुकानालाही कळवते, की घरातलं माणूस गेलं, टॅग तसेच राहिले, आता बदलतोय. गटाचं काम जाऊ देणार नाही. पण फॉर्मवर एक प्रश्न आहे, तो विचारावाच लागतो, आणि तुम्ही खरं तेच सांगायचं. ‘विणताना दुसऱ्या कोणाची मदत झाली का?’

(शेजारची प्रेस थांबते. फळीवरची भांडी स्थिर होतात.)

आम्रपाली : साडेबारा झाले.

नेहा : वहिनी, ‘नाही’ लिहू ना?

आम्रपाली : ‘हो’ लिवा. त्या ओवीची दुसरी ओळ मला कधी आलीच न्हाई, ताई. बारा वर्सं शेजारी बसून आली न्हाई. आवाज सरला, की मी तांबडा धागा टाकते, एवढंच. प्रेस चालू असली, की मला आत्यांचं ऐकू येत न्हाई.