वासुदेवनं लपवलेलं कार्ड

अरे, आपला हिंगणीचा वासुदेव! एम.ए.ले असताना, धरणावरचं एकुलतं एक पुस्तक दुसऱ्या कोणाले सापडू नाई म्हणून त्यानं लायब्ररीतल्या पुस्तकांच्या यादीच्या खणातून, दांडीत ओवलेलं त्या पुस्तकाचं कार्डच ओढून खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी वासुदेवसकट आम्ही सारे पुस्तक मागाले गेलो, तं ग्रंथपाल म्हणाले, "कार्ड गायब हाय. ते सापडेपर्यंत पुस्तक कोणालेच मिळणार नाई."

पुस्तक त्यांच्या मागच्या कपाटात दिसून राह्यलं होतं, अन् निबंध सकाळीच द्यायचा होता. वासुदेव खणाशी गेला, आमच्याकडे पाठ करून खुडबुडला अन् ओरडला, "सापडलं, सर! इथंच होतं!"

सरांनी कार्ड हातात घेऊन त्याचं फाटलेलं भोक निरखलं.

"बाकीचे सारे कार्ड दांडीत ओवले हायेत, बाबू. हे एकटंच काऊन मोकळं फिरून राह्यलं?"