राक्षसाचे ओठ

आजोबा : पण फोनचा आवाज का बंद केलास?

सुनेत्रा : बाळ आत्ता कुठे झोपलंय, आजोबा. तुम्हीपण हळू बोला.

आजोबा : आणि हा वाटेत उभा आहे तो राक्षस? मारून टाक की.

सुनेत्रा : या गेममध्ये मारायचं नसतंच. राक्षसाशी बोलायचं. नीट उत्तर दिलं की तो वाट सोडतो. बाकीचे गेले, हा एकटा हलत नाही. खाली लिहून येतं, 'वाटसरू, तुझं नाव काय?' दहा नावं सांगून झाली.

आजोबा : नाव नाही विचारत तो.

सुनेत्रा : आवाज बंद आहे, आणि तुम्हाला ऐकू येतंय?

आजोबा : ओठ दिसतात ना. मिलच्या साचेखात्यात तीनशे साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायचे. कानात ओरडलं तरी काय कळायचं नाही. आम्ही ओठांवरच बोलायचो. तुझी आजी म्हणायची, ह्यांच्याशी भांडायचं तर आधी दिवा लावावा लागतो.

सुनेत्रा : मग काय म्हणतोय हा?

आजोबा : 'जगन, तू...' फोन उलटा ठेव गो.

सुनेत्रा : आजोबा, गेम परदेशातला आहे. त्याला तुमचं नाव कुठून ठाऊक?

आजोबा : बोलताना ओठ डावीकडे ओढतोय. रघू तसाच ओढायचा.

सुनेत्रा : भोईवाड्यातले रघूकाका? तुमचा दोघांचा डबा एकच असायचा, ते?

आजोबा : तोच. गिरणी संपाचा आठवा महिना. तुझा बाप तापानं फणफणलेला, घरात दाणा नाही. मी पोलिसांच्या गाडीमागून मिलमध्ये शिरलो. रघू समोर, संपवाल्यांत. गलका एवढा, की तो ओठांवरच बोलला. 'जगन, तू' एवढं वाचलं आणि मी मान खाली घातली.

सुनेत्रा : पुढचं?

आजोबा : मान खाली घातली की आमच्यातला माणूस बहिरा. तो गावी गेला, तिकडेच वारला. शिवीच असणार, दुसरं काय. चाळीस वर्षं ती शिवी मीच पुरी करतोय, रोज वेगळी.

सुनेत्रा : मग आज बघा ना. तेच तेच म्हणतोय तो. मी धरते फोन.

आजोबा : 'जगन, तू... जेवलास?'

(आजोबांचे ओठ हलतात. आवाज येत नाही.)

सुनेत्रा : काय सांगितलंत त्याला?

आजोबा : नाही म्हटलं. त्या दिवशी मिलच्या आत ताट वाढलं होतं. घास उतरला नाही.

सुनेत्रा : आजोबा, तो बाजूला झाला. मी तर बोटसुद्धा लावलं नाही. जाऊ पुढे?

आजोबा : थांब गो. अजून बोलतोय तो.