पुतळ्यांच्या सावलीत झोपलेला माणूस

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: फ्रेमवाल्याचं दुकान, लांब रांग. सर्वात पुढे आत्या आणि तिची टोपीवाली भाची. टेबलावर जुनं इंग्रजी छापचित्र. ओसाड समुद्रकाठी अवाढव्य दगडी पुतळे.

“आत्या, सगळ्यांची नाकं तुझ्यासारखी!”

“गप गं, चिमणे!”

“ताई, चौकट लहान पडतेय. चित्र खालून बोटभर कापतो.”

“कापा.”

“नको! तिथे माणूस झोपलाय!”

“कुठे? अगंबाई, खरंच! तोंडावर टोपी घेऊन!”

“मुंगीएवढा तर आहे! कोणाला दिसणार?”

“मला दिसला ना! उठल्यावर पाय कुठे शोधेल बिचारा?”

“मग वरून कापू?”

“वरून आत्याची नाकं जातील!”

अख्खी रांग खदखदून हसली. तरी फ्रेमवाल्याने कात्री उचललीच.

चिमणीने चपला काढल्या, टेबलावर चढली, चित्राच्या खालच्या कडेला आडवी झाली आणि टोपी तोंडावर ओढून चक्क घोरू लागली.