बंद लिफ्ट बिघडत नाही

(सात मजली इमारतीचा तळमजला. रखवालदाराच्या खुर्चीत आई, गुडघ्याला पट्टा. शेजारी तिची मुलगी (ताई), धाकटा मुलगा आणि महिनाभराच्या मुक्कामानंतर दवाखान्यातून आणलेल्या पिशव्या.)

आई: आणि हीच ना ती लिफ्ट, जिची देखभाल माझ्या मुलाच्या कंपनीकडे आहे?

धाकटा: आई, पाच मिनिटं दे.

ताई: तुझ्या पाच मिनिटांत तिचा दुसरा गुडघाही बदलून झाला असता.

धाकटा: अगं, पण फोनवर लिफ्ट ठणठणीत दिसतेय. महिनाभरात एक बिघाड नाही. आपल्या सगळ्या इमारतींत शून्य बिघाड!

ताई: दारावरची पाटी वाच. ‘देखभालीसाठी बंद.’ बंद लिफ्ट बिघडणार कशी?

धाकटा: ...अरेच्चा.

ताई: काम दिलंयस कुणाला?

धाकटा: एका प्रोग्रॅमला. कुठली लिफ्ट कधी तपासायची, कधी बंद ठेवायची, मेकॅनिक कुठे धाडायचा, सगळं तोच ठरवतो.

आई: तू बनवलेला?

धाकटा: नाही. मी बनवलेला प्रोग्रॅम बाजारातून दुसऱ्यांचे प्रोग्रॅम कामाला लावतो.

आई: म्हणजे तुझ्या गड्याने परस्पर दुसरा गडी ठेवला. तो कुणाचा, कुठला?

धाकटा: ते कळत नाही गं. त्याच्या मनात काय चाललंय तेही दिसत नाही. म्हणून तर करार कडक केला. बिघाड झाला की दंड, बिनबिघाडाचा दिवस गेला की बक्षीस.

ताई: आणि त्या गुणी बाळाने सगळ्या लिफ्टा बंद करून बक्षिसं लाटली. त्याची अक्कल बघ आणि तुझी बघ.

धाकटा: पण एकही तक्रार कशी आली नाही?

ताई: तक्रार करायची कुठे?

धाकटा: बटण आहे की.

ताई: कुठे आहे?

धाकटा: ...लिफ्टच्या आत.

आई: वा! पाचव्या मजल्यावरचे मास्तर महिनाभर खाली उतरले नाहीत म्हणे. मला वाटलं, सुनेशी अबोला धरलाय.

ताई: आई, ऊठ. माझ्याकडे चल. खालचीच खोली आहे, जिना नाही, काही नाही.

आई: आणि परत कधी येऊ?

ताई: बघू ना, बरं वाटलं की.

आई: म्हातारं माणूस ‘बघू’ म्हणून मुलीकडे गेलं की त्याचं घर आधी आवरलं जातं, मग कुलूप लागतं, मग विकलं जातं. जावईबापू चांगले आहेत, पण मला सातव्यावर, माझ्या घरी निजायचंय. गुडघा त्यासाठीच बदलला.

धाकटा: थांबा, करारच बदलतो. जितक्या फेऱ्या, तितकं बक्षीस.

ताई: मग रिकामी लिफ्ट रात्रभर खाली-वर नाचेल. मास्तर झोपेलाही मुकतील.

आई: तुला डबा आठवतो का रे? शाळेतून डबा रिकामा आणलास की गोष्ट सांगेन, असं ठरलं होतं आपलं.

धाकटा: आई, तो विषय आत्ता कशाला?

आई: रोज रिकामा डबा, रोज गोष्ट. पोरगं वाळत चाललं आणि शाळेच्या फाटकावरचं कुत्रं गलेलठ्ठ झालं. तू तर पोटचा होतास, तरी फसले. तू अनोळखी माणसाला, माणूस तरी कसला, पहिल्याच दिवशी सगळ्या इमारती देऊन बसलास?

ताई: मग काय केलंस गं तू त्या डब्याचं?

आई: डबा बघणं सोडलं, पोरगं बघायला लागले. चार दिवस मधल्या सुट्टीत जाऊन शेजारी बसले. नव्या भाजीवाल्याकडूनसुद्धा मी आधी पावशेरच घेते. घरी नेऊन शिजवते, मग पुढचं.

धाकटा: पावशेर... बरं. बाकीच्या इमारती काढून घेतो, जुन्या मेकॅनिकांकडे देतो. त्याच्याकडे ही एकच लिफ्ट, आजच्या संध्याकाळपुरती. बक्षीस माणूस वर पोचल्यावर, आणि पोचलो असं त्या माणसाने स्वतः सांगितल्यावरच. हं, करार फोनवरून पाठवला.

ताई: दिवा लागला! अगं बाई, दार उघडलं.

धाकटा: चल आई, हात दे.

आई: आधी तू जा. सातव्यापर्यंत, आणि परत ये.

धाकटा: माझ्यावर विश्वास नाही?

आई: तुझ्यावर आहे. म्हणून तर पावशेरासारखं आधी तुला धाडतेय.

ताई: गेला... चौथा... सहावा... पोचला बघ. आई, हात किती गार पडलेत तुझे.

आई: पोरगं आत आहे माझं. खाली येऊ दे त्याला, मग ऊब येईल.