तिसरी सही आणि चुकलेले विमान

नाव मिग्दालिया ओतेरो, वय अठ्ठावन्न, धंदा तळणाची गाडी, राहणार रिओ पिएद्रास, प्वेर्तो रिको. ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

प्राध्यापक अन्सेल्मो किन्योनेस यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. त्यांच्या मोटारीपुढे मी माझी गाडी आडवी लावली, त्यामुळे त्यांचे माद्रिदचे विमान चुकले, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे. गाडी बिघडली होती असे मी आधी सांगितले, ते खोटे.

माझी मुलगी यारेलिस विद्यापीठात स्पॅनिश साहित्याचे एम.ए. करते. त्याला काय काय लागते ते मला तोंडपाठ आहे. ठरलेले विषय, सगळ्या वाचनावर एक मोठी परीक्षा, आणखी एक परकी भाषा, मग प्रबंध आणि त्यावर तीन प्राध्यापकांच्या सह्या. सगळे सात वर्षांत. मुदत टळली की पहिले पाढे पंचावन्न.

प्रबंध जुन्या नाटकांतल्या मोलकरणींवर आहे. मी अकरा वर्षे लोकांच्या फरश्या पुसल्या. मला कुणी काही विचारले नाही. ते असो.

दोन सह्या झाल्या. तिसरी किन्योनेस यांची. दर उन्हाळ्यात ते "वाचतोय, वाचतोय" म्हणतात आणि माद्रिदला जातात. यंदा मुदत जूनअखेर संपते आणि ते येणार ऑगस्टात. मुलगी धड जेवत नव्हती, पण तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. ते मला सहन झाले नाही.

आज सकाळी ते घरापुढे मोटारीत सामान चढवत असताना मी गाडी आडवी लावली. सहीचा कागद पिशवीत होताच. ते म्हणाले, "बाई, गाडी हटवा." मी म्हटले, "सही करा." ते म्हणाले, "असं होत नसतं. विद्येला शिस्त असते." मी गाडीवरच्या गरम तळलेल्या अल्कापुरिया खायला पुढे केल्या. त्यांनी दोन खाल्ल्या. सही केली नाही.

तेवढ्यात त्यांच्या आई प्रोव्हिदेन्सियाबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांना मी कालच सगळे सांगून ठेवले होते, हेही कबूल.

"आई, निघतो. आशीर्वाद दे."

"त्या पोरीचं वाचलंस?"

"वाचलं."

"कसं आहे?"

"चांगलं आहे. फार चांगलं आहे. पण तळटीपा..."

"तळटीपा गेल्या चुलीत. आधी सही, मग आशीर्वाद."

"आई, मी साठीचा झालो!"

"म्हणूनच सांगते. विमान पडलं तर बिनआशीर्वादाचा मरशील मेल्या."

साहेब, तुम्हीही मघाशी आईचा फोन उचलल्या उचलल्या आधी आशीर्वादच मागितलात. प्राध्यापकांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून सही केली. आशीर्वाद मिळाला. विमान मिळाले नाही.

मुलीला इथूनच कळवले. ती बराच वेळ नुसती रडली. मीही रडले, तसे लिहा. तिने आशीर्वाद मागितला, मी दिला. मग म्हणाली, आता पीएच.डी. करणार, किन्योनेस सरांकडेच. दिलेला आशीर्वाद परत घेता येतो का, हे साहेबांनी कायद्यात बघून सांगावे.

लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. ही माझी सही. बघा, एवढाच वेळ लागतो.