अमरच्या मायचं मत

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको बसू, तिचा पाय कायद्यावाल्यानं मोडला. इथं बस, बाजेवर. निर्मलाबाईलेच भेटाचं म्हणते? म्हणजे आमच्या अमरच्या मायले. बाहेर गेली ना ती. कुठं? आता घरची बाई, हजार कामं. मी कवडू, तिचा नवरा. तिचं जे विचाराचं ते मले विचार. सगळे तसंच करतात.

हसू नको पोरी. गाव धरणात गेलं, आमाले इथं आणून बसवलं, तवापासून शिकलेल्या लोकायले आमचा लय लळा. अन् एसटीतून उतरलं की पयलं घर आमचंच — मंग काय, पाणी प्याले बी इथंच अन् पीएचडी कराले बी इथंच! पयला आला तो सायन्सवाला. धरणाच्या पाण्याच्या बाटल्या भरे, त्याइले चिठ्ठ्या चिटकवे. अमरच्या मायले म्हणे, मावशी, पाण्याले वास केव्हा येते? ती म्हणे, पाण्याचं माहीत नाही बाबा, तू आला तवापासून तुह्या मोज्याइचा येऊन राहिला. हे नाही छापलं त्यानं? नाही? मंग कायची पीएचडी ते!

त्याच्या मागून कायद्यावाला. त्याले घरातल्या बाईचंच मत पाहिजे. म्हटलं, ती वावरात गेली, पण तिचं मत मले पाठ आहे, तू लिही. त्यानं विचारलं, जमीन घेतानी सरकारनं तुमची संमती घेतली का? मी असा कमरेवर हात ठेवला — असा, तिच्यासारखा — अन् म्हटलं, 'माही संमती माह्या नवऱ्यानं कधी विचारली नाही, तर सरकार कुठून विचारन!' पोरगा एवढा खूश झाला, एवढा खूश, की हसता हसता मांगं टेकला अन् गेली खुर्ची. मंग धंद्यावाली आली. सुकवलेले झिंगे विकणाऱ्या बायांचा अभ्यास. म्हणे, काकूंचा ब्रँड काय? ठेवला कमरेवर हात — 'ब्रँड म्हणजे माहं तोंड. पवनीच्या बाजारात कोणी भाव पाडून तर दाखवावं!' तिनं दोनदा लिहून घेतलं. कोणाले पाणी पाहिजे, कोणाले कलम, कोणाले झिंगे — अमरची माय सगळ्याइले पुरते.

अन् तुहा विषय कोणता? — काय? त्या तिघायचाच? संशोधनावर संशोधन? अरे देवा! म्हणजे शेळीनं पाला खाल्ला अन् तू लेंड्या पाहून राहिली! राग नको येऊ देऊ माय, आपली गंमत. आणखी काय विचारते? तिघायनं तिचं वय बावन्नच लिहिलं? बरोबर आहे ना. — हो, तिघं एका साली नाही आले, दोन-दोन सालाचं अंतर... पण बाई माणूस कधी वय वाढवते का? तुही माय वाढवते का? — थांबते म्हणते? ती येतपर्यंत? नको नको, तिले उशीर लागन. अन् उन्हाचं कायले बसते इथं, साधा चहा नाही. ती असती तर तुले असं कोरडं बसू दिलं असतं का, गूळ टाकून—

काहून अशी पाहून राहिली? पेन काहून ठेवला खाली? काय म्हटलं मी? 'असती' म्हटलं? ...निघते तोंडातून.

हो. सायन्सवाला गेला, त्याच पावसाळ्यात. ताप आला. भंडाऱ्याले नेत होतो, वाटेतच. मंग गावात कोणी माह्यासमोर तिचं नावच घेईना — मले वाईट वाटन म्हणून, चांगली माणसं आहेत. शेजारची मालनबाई तर तिचं नाव ओठावर आलं की खोकलते. अन् अशात एक दिवस हा कायद्यावाला पोरगा दारात उभा, चप्पल काढून विचारते, 'निर्मलाबाई आहेत का?' असं, सरळ. आहेत का. मी काय सांगू? माह्या तोंडून निघालं, हो, वावरात गेली.

पण एक बी उत्तर खोटं नाही हं! सारा जन्म तिचे टोमणे ऐकले मी. कोणत्या प्रश्नाले काय म्हणन, कुठं नाक मुरडन, सगळं माहीत. तुमच्यात कोणाले एवढं पाठ आहे? फक्त हे लिहू नको. ती गेली, हे नको लिहू. तू लिहिलं, तर पुढचा जो येईन तो ते वाचूनच येईन, तुह्यासारखा. मंग दारात उभा राहून तिचं नाव कोण घेईन? नाही लिहिणार ना? — शहाणी आहे.

आता विचार तुहे प्रश्न, बिनधास्त विचार. हे पाहा, ठेवला कमरेवर हात. विचार तिले.

काय?

मले? तिचं नाही — माहं मत? माहं कायले पाहिजे तुले? मी तर... मले काय वाटते म्हणजे... ती गेल्यावर मले—

उठ माय. उठ. तुही एसटी येऊन राहिली. जाय.