राहणार?

तारापूरला अणुवीज केंद्र बांधत होते ना, तेव्हा मी बोईसरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. एकदा घिवलीच्या पारूबाय कोळणीनं आपल्या अमेरिकन भाडेकरूला धरून आणलं. माशाचा काटा घुसून त्याचा पाय टरारून सुजलेला. फुकट औषध तालुक्यातल्याच माणसाला, म्हणून केसपेपर भरताना मी विचारलं, "राहणार?"

साहेब नुकताच मराठी शिकत होता. त्याला वाटलं, इथेच ठेवून घेतात. घाबरून म्हणाला, "नाही, नाही! जाणार!"

पारूबाय कडाडली, "त्याला काय इचारता? लिवा, राहणार घिवली. माज्या हातचा जेवतो, आमचाच हाय."

मी तसंच लिहिलं. पाय वाचला.

साहेब केव्हाच मायदेशी गेला. पण दर दिवाळीला पारूबायला त्याचं पत्र येतं, मीच वाचून दाखवतो. सहीखाली वेड्यावाकड्या मराठीत असतं, 'राहणार घिवली.'